वासाची तक्रार

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं फूल घेऊन चष्मेवाला रोपवाटिकेत शिरला तो भांडायच्या तयारीनंच. भांडण त्याच्या स्वभावात नव्हतं. पण मनातल्या मनात घोकून घोकून गुळगुळीत झालेलं भांडण घेऊन निघालेल्या माणसाच्या चालीला जो एक ठेका येतो, तो आज त्याच्या चालीला होता. रोप देताना रोपवालीनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की याच्या वासापुढं अत्तराची बाटली झक मारेल. तिच्या शब्दावर त्यानं रोप नेलं, घरामागच्या पट्टीभर अंगणात गुडघ्याएवढा खड्डा खणला, शेणखत घातलं, हाडांचा चुरा घातला, माव्याची कीड पडली तेव्हा पानापानाची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसली. बायको म्हणालीसुद्धा, की पोरीचं नाक एवढं पुसलं नव्हतंत कधी. आणि इतकं करून हे फूल. रंग म्हणाल तर पिकल्या जर्दाळूचा, पाकळ्या म्हणाल तर एकीआड एक, संपता संपत नाहीत अशा. आणि वास म्हणाल तर शून्य. "बिनवासाचं रोप गळ्यात मारलंत माझ्या," तो म्हणाला. रोपवालीचे दोन्ही हात मातीनं भरलेले होते. तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले, वाकून फुलात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाली, "काका, सकाळी सकाळी चेष्टा करताय गरिबाची?" पलीकडे कुंड्या निवडणाऱ्या एका बाईला तिनं हाक मारली, "बघा हो, याला वास नाही म्हणतात हे." बाईनं हुंगलं, "अगंबाई!" म्हणाली आणि फूल नवऱ्याच्या नाकाशी धरलं. नवऱ्यानं मान डोलावली. खताची पोती उतरवणारा माणूसही येऊन हुंगून गेला. असं हातोहात फिरून फूल परत चष्मेवाल्याकडे आलं तेव्हा सगळे त्याच्याकडे हसऱ्या तोंडानं पाहत होते. आता हा आपला विनोद फोडेल म्हणून. त्यानं फूल नाकाशी नेलं. पाकळीचा गारवा नाकाच्या शेंड्याला लागला. तेवढाच. "हो, येतोय आता," तो म्हणाला, "ऊन लागल्यावर उघडला असेल." "घ्या!" रोपवाली म्हणाली, "गुलाबसुद्धा माणूस बघून लाजतो." सगळे हसले, तोही हसला, आणि तक्रार करायला आलेला माणूस आणखी एक रोप विकत घेऊन बाहेर पडला.

रस्त्याच्या कडेला एक दगडी कठडा होता, त्यावर तो बसला. एका बाजूला रोप, मांडीवर फूल. खोटं का बोललो, हे त्याला कळेना. लाज वाटावी असं काही घडलं नव्हतं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही. त्याचं सगळं पोटच या गोष्टीवर चाललं होतं. आयुष्यभर तो लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून, डोळ्यांपुढं काच बदलत, एकच प्रश्न विचारत आला होता: हे स्पष्ट, की हे? आणि माणसं कशी येतात हेही त्याला पाठ होतं. माझे डोळे गेले असं म्हणत कुणीच येत नाही. हल्ली छपाई बारीक करतात, असं म्हणत येतात. दिव्यांत पूर्वीसारखा जोर राहिला नाही म्हणतात. एक गृहस्थ तर सुईचं नेढंच कंपनीनं लहान केलंय, असं शपथेवर सांगत होते. तो मनात हसायचा, नाचता येईना अंगण वाकडं. आणि आज तो स्वतः आपलं अंगण, अगदी गुलाबासकट, वाकडं ठरवायला निघाला होता. त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं फूल पुन्हा नाकाशी नेलं. दिव्याचं बटण दाबावं, खट्ट असा आवाज यावा आणि उजेड न यावा, तसं होत होतं; तो पुन्हा पुन्हा दाबून बघत होता. श्वास आत जात होता. वारा होता, ओल होती, पाकळ्यांचा मऊपणा होता. त्याच्या पलीकडे जिथं काहीतरी असायला हवं, तिथं एक स्वच्छ झाडलेली रिकामी खोली होती. ती कधी रिकामी झाली? सामान हलवताना आवाज कसा झाला नाही? भीतीपेक्षाही हा प्रश्न त्याला जास्त छळू लागला.

त्या दिवशी त्यानं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. पोरगी सासरी असायची; बायको कोर्टात स्टेनो होती, ती केव्हाच गेली होती. घर रिकामं होतं. त्यानं स्वयंपाकघरातले डबे एकेक करून ओट्यावर मांडले आणि त्यांच्यापुढं, गिऱ्हाइकाला बसवतो तसं, स्वतःला स्टुलावर बसवलं. कॉफी: नाही. लवंग: नाही. व्हिनेगरनं नाकात झिणझिणलं, डोळ्यांत पाणी आलं, तो आनंदानं उठूनच उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की हे झोंबणं आहे, वास नाही. चिमटा कळतो, पण चिमटा काढणारा कोण ते कळत नाही, तसं. साबण: नाही. स्वतःचा बूट: नाही, आणि इथं मात्र त्याला किंचित बरं वाटलं. साखर गोड लागत होती, मीठ खारट. पण लिंबू नुसतंच आंबट होतं, त्यातलं लिंबूपण कुणीतरी काढून घेतलं होतं. म्हणजे इतके दिवस जेवणात मजा नाही असं वाटत होतं ते वय नव्हतं तर. तो मागं मागं जाऊन शोधू लागला. शेवटचा वास कोणता? दोन हिवाळ्यांपूर्वी एक सर्दी झाली होती, हट्टी, आठवडेच्या आठवडे चाललेली. तिच्या अलीकडे त्याला काही सापडेना. पलीकडे सापडत होतं, पण तेही विचित्र. वडिलांचं शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान, त्यांच्या सदऱ्याला येणारा तेलाचा वास. पोरीच्या टाळूला नाक लावून बसायचा ते. हे सगळं त्याला आठवत होतं, शब्दांत आठवत होतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या आणि बाटल्या कोरड्या. वडिलांचा सदरा दिसला, बाहीवरचा डाग दिसला, तो वाकला, हुंगलं, आणि डाग नुसताच तपकिरी.

नाकाच्या डॉक्टरनं उजेड पाडून दोन्ही नाकपुड्यांत पाहिलं, नळी घातली, आणि हा मनुष्य आपल्यासारखाच काचा-भिंगांच्या धंद्यातला आहे असं वाटून की काय, सरळ बोलला. त्या सर्दीनं वासाची नस दुखावली आहे. वासाची जाण कधी कधी परत येते, कधी येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास मन लावून घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. काही कळत नसलं तरी घ्यायचे. "काही कळत नसताना काय घ्यायचं?" "नाव घ्या मनात. गुलाब म्हणा आणि हुंगा. विसरलेल्या माणसाला आपण हाक मारतच राहतो ना." मग चिठ्ठी लिहिता लिहिता तो म्हणाला, "आणि घरात सांगून ठेवा. गॅस चालू राहिला तर तुम्हाला कळणार नाही." चष्मेवाल्यानं हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही. म्हणजे सांगणार होता. संध्याकाळी बायको पानं वाढत होती, आजच्या सुनावणीत साक्षीदारानं एकच वाक्य कसं वेगवेगळ्या तऱ्हांनी फिरवलं ते सांगत होती, आणि त्याच्या जिभेवर आलेलं तिथंच थांबलं. कारण त्याच्या मनात एक भलतंच कुतूहल उभं राहिलं. हिच्या लक्षात यायला किती दिवस लागतील? एका ताटात जेवल्यासारखा संसार आपला. तिला आपण पाहतो, ती आपल्याला पाहते. बघू या तर खरं, कितव्या ओळीपर्यंत वाचता येतं हिला. हा विचार क्रूर आहे हे त्याला कळत होतं, पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची परीक्षा घेतली त्याला ती सवय मोडता येईना.

तिला सोडून मग तो बाकी सगळ्या जगाला विचारू लागला. सकाळी अंगणात जाऊन, फांदीवरच्या बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वरती तिरपा काप घेऊन एक फूल काढायचं, मनात गुलाब म्हणायचं, हुंगायचं, आणि तेच दुकानात काउंटरवर पाण्यात ठेवायचं. काचा बसेपर्यंत गिऱ्हाईक थांबलं, की तो सहज विचारायचा, "याचा वास कसा हो आहे?" छान, म्हणायचे लोक. "छान म्हणजे कसा?" इथं माणसं अडायची. मोठे मोठे बोलणारे लोक, वकील, विमा विकणारे, फुलावर वाकायचे आणि गप्प व्हायचे. वासासाठी कुणाकडे शब्दच नव्हते, सगळे उसनवारीवर चालले होते. एक जण म्हणाला, चहासारखा, पण चहा प्यायचा नसलेला. एका आजींनी सांगितलं, नवी पर्स पहिल्यांदा उघडावी तसा. टपाल वाटणारा मनुष्य बराच वेळ हुंगत राहिला आणि म्हणाला, "आमच्या हेडमास्तरीणबाईंच्या कपाटासारखा," आणि मग एकदम लाल झाला, त्याहून पुढं काही सांगेना. चष्मेवाल्याला या खेळाची गोडी लागली. कित्येक वर्षं या माणसांचे नंबर त्याला पाठ होते आणि त्यांच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गुलाब त्याच्यापुरता गप्प झाला होता, पण दुसऱ्यांना बोलतं करत होता. घरी मात्र बायको काही ओळखत नव्हती. जेवताना तो मुद्दाम म्हणायचा, "आज भाजी छान झालीय हं, वासच काय सुटलाय." ती म्हणायची, "हो का?" आणि ताटाकडे पाहायची. आणखी एक दिवस, तो मनात खूण करायचा, आणि दर खुणेबरोबर त्याला थोडं जिंकल्यासारखं आणि थोडं टाकून दिल्यासारखं वाटायचं.

रोपवाटिकेतून आणलेलं दुसरं रोप अजून पिशवीतच होतं. सुट्टीच्या दिवशी त्यानं त्यासाठी जागा ठरवली, मागच्या भिंतीकडेला, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं सकाळचं ऊन पडतं. बायको बाजारात गेली होती. माती तिथं आयतीच भुसभुशीत होती. कुदळ न मारता नुसती खुरपी आत जात होती, याचं त्याला नवल वाटलं. दुसऱ्या-तिसऱ्या खुरपीला काहीतरी पिवळट वर आलं. त्यानं ते मुळाचं गाठोडं समजून चिमटीत धरलं. सिगारेटचं थोटूक होतं. मग आणखी एक. मग ढीगच, काही जुनी, पावसापाण्यानं सालपटलेली, काही परवाची म्हणावीत इतकी पांढरी. सगळी नीट विझवलेली, नीट पुरलेली, कुणीतरी बी लावावं तशी. त्यानं भिंतीपलीकडे पाहिलं. पलीकडे गाण्याचे निवृत्त मास्तर राहायचे. हात धुऊन तो तडक त्यांच्या दारात गेला आणि गोड शब्दांत म्हणाला, की थोटकं टाकायला माझंच अंगण सापडलं का मास्तर. मास्तर बघतच राहिले. "मी? अहो, डॉक्टरनं माझं दीर्घ श्वास घेणंसुद्धा बंद केलंय. मी तर समजत होतो तुम्हीच ओढता. रोज दिवेलागणीच्या आधी धूर येतो तुमच्याकडून. दोनदा सांगायला निघालो होतो, म्हटलं जाऊ द्या, आपल्या घरात माणूस काय वाटेल ते करील." चष्मेवाला म्हणाला, "हो, मीच तो. कधीमधी." पुन्हा एकदा तो खोटं बोलला, आणि या वेळी कुणाला झाकण्यासाठी ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. दिवेलागणीच्या आधी तो दुकानात असतो. त्या वेळी घरी एकच माणूस असतं.

एकच? हा प्रश्न मनात आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, तरी प्रश्न हटेना. दोन दिवस तो काचा घासत होता आणि घरात एका अनोळखी पुरुषाला चालवून बघत होता. त्याला उंची दिली, बूट दिले, आपल्या खुर्चीत बसवलं. चेहरा काही केल्या देता येईना. मन किती झरझर धावतं, आणि तेही असल्याच रस्त्यानं, हे तो आश्चर्यानं पाहत राहिला. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं दुकान शेजारच्या औषधवाल्यावर सोपवलं आणि लवकर घरी आला. दार आवाज न करता उघडलं. चोर आपल्याच घरात असा शिरत असेल तर त्याला काय वाटत असेल? तर त्याला आपल्या चपला पहिल्यांदाच मोठ्या वाटतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. पालथ्या घातलेल्या बादलीवर त्याची बायको बसली होती, कोर्टाचेच कपडे, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पावलं मातीवर. उजव्या हाताच्या दोन बोटांत सिगारेट. बाकी कुणी नव्हतं. तिनं झुरका घेतला, धूर सोडला, आणि धूर गुलाबांवरून जाताना ती त्या धुराकडे पाहत राहिली. त्यानं तिचे डोळे पाहिले. जवळचं पाहणारे ते डोळे नव्हते. कुठलीतरी फार दूरची पाटी सावकाश वाचत असावी तसे होते. इतक्या वर्षांत हा चेहरा त्याला एकदाही दाखवला गेला नव्हता. तिथं पुरुष सापडला असता तर एखादे वेळी त्याला इतकं उपऱ्यासारखं वाटलं नसतं. तो मागं फिरला, बाहेर गेला, फाटक खाडकन आपटलं आणि खोकत खोकत आत आला.

"आज लवकर?" ती आतून बाहेर येत म्हणाली. पदराला हात पुसत होती. जवळ आली, अगदी जवळ, त्याच्या हातातली पिशवी घेतली, कॉलरवर काहीतरी लागलं होतं ते झटकलं, आणि म्हणाली, "बरं नाही का वाटत?" तिच्या केसांत, बोटांत, श्वासात आत्ता धूर असणार. ती गडबडली नाही. चूळ भरायला धावली नाही, चार हात लांब उभी राहिली नाही. आणि तिथं, बायकोच्या त्या निर्धास्त जवळिकीत, चष्मेवाल्याला उमगलं. हिला माहीत आहे. हिला आपल्याही आधीपासून माहीत आहे. तो इतके दिवस तिची परीक्षा घेत होता आणि ती कधीच पास होऊन घरी बसली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या नाकाचं."

तिनं पिशवी खाली ठेवली. कोर्टात रोज सवाल-जवाब टिपणारी बाई, जबाब द्यावा तशी म्हणाली, "दूध करपलं होतं एकदा. अख्खं घर भरलं होतं वासानं. मी अंघोळीतून धावत आले, तर तुम्ही ओट्याजवळ स्टुलावर बसून पेपर वाचत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल आणि लपवत असाल. पुरुषांना नाही आवडत काही कमी झालेलं. म्हटलं, सांगतील आपणहून. तुम्ही सांगेनात. मग..."

"मग?"

"मग सोयीचं झालं," ती म्हणाली, आणि नजर न चुकवता म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ना मघाशी? फाटक कधी आपटत नाही तुम्ही."

तो मागच्या पायरीवर बसला. राग येत होता. चांगला, भरभक्कम, हक्काचा राग. म्हणजे दोन वर्षं घरात गॅस सुटला असता तरी, असं काहीतरी तो बोलू लागला, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "गॅसचं बटण मी रोज बघते. निघताना आणि आल्यावर. कोर्टातून घरी फोन करून तुमच्याशी उगाच काहीबाही बोलते ना दुपारी तुमच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ते काय मला बोलायचं असतं म्हणून? तुमचे सदरे मी हुंगून धुवायला टाकते. दूध मी बघते, उरलेलं मी बघते. तुमच्या वाटचा वास मीच घेत होते सगळा." रागाला बसायला टेकू हवा असतो, तो असा खालून कुणी काढून घेतला की माणूस नुसताच उघडा पडतो. त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. पहिल्या दोन बोटांच्या कडा किंचित पिवळ्या होत्या. हे त्यानं, डोळ्यांच्या धंद्यातल्या माणसानं, पाहिलं नव्हतं. नाकाला तरी सर्दीचं निमित्त होतं. डोळ्यांना काय झालं होतं? आणि मग, जसं दुकानात काउंटरवरच्या फुलाबद्दल तोंडून निघून जायचं, तसा एक प्रश्न निघून गेला. "ओढताना काय वाटतं तुला?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दटावणी, उपदेश, फुप्फुसांचं चित्र, सगळ्याची तयारी केली असावी, याची नव्हती. ती जाऊन पालथ्या बादलीवर बसली. "हसाल," ती म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं माझ्या बोटांतून जातं. भांडणं, शपथा, घटस्फोट. कान ऐकतात न ऐकतात तोवर बोटं चाललेली असतात. घरी आल्यावरसुद्धा थांबत नाहीत, पदरावर चालतात, पोळपाटावर चालतात. एक बाई होती साक्षीला, तिचा मुलगा गेला होता. तिनं फक्त हो आणि नाही एवढंच म्हटलं. त्या संध्याकाळी माझी बोटं हो-नाही हो-नाही करत राहिली. आमच्यातली एक जण सिगारेटचं पाकीट विसरून गेली होती, त्यातली एक ओढून बघितली. दोन बोटं त्यात अडकली, की बाकीची गप्प बसतात." बोटांकडे पाहत म्हणाली, "चव घाणच असते." तो हसला नाही. त्याला तिची ती बोटं आठवली; जेवणाच्या टेबलावर सतत नाचणारी, ज्यांच्यावर त्यानं एकदा हात ठेवून म्हटलं होतं, काय ही चाळवाचाळव. ती सांगत गेली. ती सांगू शकते, हेच त्याला नवं होतं. नेहमी ती साक्षीदारांचं सांगायची, आज तिचं स्वतःचं निघत होतं, अडखळत, खोडत, पुन्हा लिहीत. त्यानं एखादा शब्द टाकला तर टाकला. उजेड उतरत होता, पण अजून गुलाबाच्या कडा दिसत होत्या. मध्येच तिनं कमरेचं पाकीट काढलं, एक क्षण त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्यादेखत सिगारेट पेटवली.

धूर त्याच्याकडे आला. त्याला तो दिसला, डोळ्यांना किंचित चुरचुरला, आणि निघून गेला. "एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगा हं. तुम्हाला माझा वास आठवतो?"

त्यानं डोळे मिटले. लग्नानंतरची ती लहान खोली दिसली, उशी दिसली, तिचा ओला अंबाडा, मानेमागची सोनेरी लव. तो त्या मानेवर वाकला, जितकं वाकता येईल तितकं. हो म्हणणं सोपं होतं. मोगऱ्यासारखा म्हटलं असतं, पावडरीसारखा म्हटलं असतं, तिला बरं वाटलं असतं. कितीतरी लोकांनी शिकवलेले कितीतरी शब्द आता त्याच्याकडे होते.

"नाही," तो म्हणाला. "मान आठवते. वास नाही. कसा होता?"

ती हसली, आणि हसताना तिच्या तोंडातून धूर वेडावाकडा फुटला. "मला काय विचारताय? आपला वास आपल्याला येतो होय? तो तुमच्याकडेच होता."